लेकरू गप्प झालं तेव्हा

जूनचा दुसरा आठवडा. रात्रीचे सव्वाअकरा वाजले असतील. माझी पुतणसून औसा तालुक्यातल्या एका छोट्या गावात राहते, तिचा फोन आला. तिचा मुलगा अकरा महिन्यांचा. सकाळपासून त्याला पातळ संडास लागलेली, दोनतीन उलट्याही झालेल्या, हे मला दुपारीच कळलं होतं. रात्रीचा फोन तिनं मला धीर द्यायला केला होता.

"काकू, आता काळजी नका करू. दिवसभर लई रडलं, आता गप्प पडलंय. शांत झोपलंय."

तिच्या आवाजात हायसं वाटल्याचं कळत होतं आणि माझ्या पोटात गोळा आला.

"शू कधी केली त्यानं?"

ती अडखळली. "डायपर लावलाय ना काकू. संडासच पाण्यासारखी होते, त्यात काय कळतंय?"

"उठव त्याला."

"आत्ता कुठं डोळा लागलाय हो."

"उठव बाई. फोन ठेवू नको. उठव आणि तो कसा बघतो ते मला सांग."

पलीकडून तिच्या हाका ऐकू येऊ लागल्या. आधी हळू, मग जरा मोठ्यानं. मी अंथरुणात उठून बसले होते. त्या दीडदोन मिनिटांत मला २०१६चा एप्रिल आठवला.

त्या वर्षी लातुरात पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती, भांडणं होऊ नयेत म्हणून. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीतली पोरं ती बघायला स्टेशनकडं पळाली होती. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. दारात तीन टिपाडं, आत एक माठ, आणि टँकर कधी येईल याचा नेम नाही. आठ-आठ, दहा-दहा दिवसांचं पाणी टिपाडात साठवलेलं असायचं. तळाशी गाळ बसलेला, वर झाकण म्हणून पत्र्याचा तुकडा. पिण्याचा जार विकत आणायचो, पण भांडी, हात, लेकराची खेळणी, सगळं त्या टिपाडाच्या पाण्यात. संडासहून आलं की हातावर किती पाणी घ्यायचं याचाही हिशोब. साबण लावला तर तो धुवायला पाणी जास्त लागतं, म्हणून साबण कमी लावायचा. ही गोष्ट आम्ही तेव्हा काटकसर म्हणून एकमेकींना सांगायचो.

माझी मुलगी दहा महिन्यांची होती. रांगायला लागलेली, हाताला लागेल ते तोंडात घालणारी.

एका सकाळी तिनं दूध ओकलं. दुपारपर्यंत संडास सुरू झाली. पिवळट पाणी, त्यात फुटक्या दह्यासारखे कण. "दात यायलेत," शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि मला ते पटलं, कारण खालच्या हिरडीत खरंच पांढरं टोक दिसत होतं. दात येताना लेकरं वाट्टेल ते चावतात, मातीचे हात चोखतात, जुलाब त्यामुळं होऊ शकतात. दात हे काही जुलाबाचं कारण नव्हे. पण "दात यायलेत" म्हटलं की माणूस निश्चिंत होतो, आणि त्या निश्चिंतीत आमचा पहिला दिवस गेला.

संध्याकाळी एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक अँटिबायोटिक, एक उलटीचं औषध आणि ओआरएसच्या दोन पुड्या लिहून दिल्या. पुडी कशी द्यायची, किती द्यायची, कशासाठी द्यायची, याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मी शिकलेली बाई, डी.एड. झालेली, वर्गात पोरांना "शंका विचारा" असं रोज सांगणारी. घरी येऊन वाटीत ओआरएस केलं, घोटभर पाजलं, तिनं लगेच ओकून टाकलं. पोटात काही ठरतच नाही तर कशाला पाजायचं, असं म्हणून ती वाटी बाजूला ठेवली. दूधही बंद केलं. पोटाला आराम मिळेल, असं सगळेच म्हणाले. रात्रभर संडास चालूच. ओआरएस देऊनही जुलाब थांबत नाहीत म्हणजे त्याचा उपयोग नाही, हे आम्ही ठरवूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती किरकिरी झाली. घेतलं तरी रडायची, ठेवलं तरी रडायची. दुपारी रडताना तिचा चेहरा कोरडा होता. मी बघितलं होतं ते. बघितलं आणि डोळ्यांत पाणी नाही याचा अर्थ काय, हे मनात आलंच नाही. तिचे ओठ पापुद्र्यासारखे झाले होते, त्यांना मी तूप लावलं. दुपारनंतर लंगोट कोरडे निघायला लागले तेव्हा तर मला बरं वाटलं. जुलाब कमी झाले, असं मी नवऱ्याला फोनवर सांगितलंसुद्धा.

आणि संध्याकाळी सातच्या सुमारास ती गप्प झाली.

घरात केवढी शांतता पसरली. दोन दिवसांनी कुणीतरी रेडिओ लावला. मी भाकरी थापायला बसले. नवऱ्यानं खोलीतला दिवा मालवला, लेकराची झोप मोडू नये म्हणून. त्या अंधारात ती किती वेळ तशी पडून होती याचा हिशोब मी पुढं कित्येक महिने करत राहिले. पाऊण तास असेल. एखाद वेळेस तासभरही.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या रोज रात्री नातीच्या टाळूवर तेल घालायच्या. ते त्यांचं व्रतच होतं. घरात काहीही चाललेलं असो, लेकराची टाळू भरल्याशिवाय त्या झोपायच्या नाहीत. त्या रात्रीही वाटीत तेल घेऊन अंधारातच तिच्याजवळ बसल्या. आणि मला चुलीपाशी त्यांची हाक ऐकू आली. ओरडल्या नव्हत्या, उलट आवाज अगदी खाली आलेला.

"पोरी, इकडं ये. टाळू खोल गेलीया हिची."

दिवा लावला. टाळूच्या जागी खळगा होता. त्यात आत्यांनी सोडलेलं तेल थेंबभर साचून राहिलं होतं, ओघळलं नव्हतं. डोळे अर्धवट उघडे, पण माझ्याकडं बघत नव्हते. मी नाव घेऊन हाक मारली, गालावर टिचकी मारली. तिनं मान थोडी हलवली आणि पुन्हा तशीच.

मोटारसायकलवर मध्ये तिला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथल्या सिस्टर परभणीकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. त्यांनी झबलं वर केलं आणि बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी दोन बोटांत धरून उचलली, मग सोडली. धडधाकट लेकराची कातडी सोडताक्षणी सपाट होते. माझ्या मुलीची उभी राहिली. दुमडलेल्या कापडासारखी तिची घडी तिथंच राहिली आणि मग सावकाश, फार सावकाश खाली बसली. दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर गंभीर, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त त्या घडीकडं बघत होते.

"हिचे डोळे नेहमीच असे असतात का हो आई?"

हा साधा प्रश्न. मला उत्तर देता येईना. दहा महिने जिच्या डोळ्यांकडं बघत दिवस काढले, तिचे डोळे एरवी कसे असतात ते त्या घटकेला आठवेना. आत्या मागून म्हणाल्या, "नाही. खोल गेलेत. परवा असे नव्हते." डोळे खोल गेलेत का, हे आईला किंवा घरच्यांनाच विचारायचं असतं. काही लेकरांचे डोळे मुळातच खोल असतात, आणि डॉक्टर तर त्याला पहिल्यांदाच बघत असतात.

त्यांनी चमच्यानं पाणी तोंडाला लावून बघितलं. ते ओठांच्या कडेनं खाली आलं. सुस्त पडलेली, पाणी पिता येत नाही, डोळे खोल, कातडी सावकाश बसते. यातली दोन लक्षणं असली तरी गंभीर म्हणतात. माझ्या मुलीत चारही होती. शीर सापडायला वेळ लागला, पाण्याअभावी शिरा मिटून गेलेल्या. शेवटी पायाला सापडली. तिचं वजन सात किलो भरलं. वर्षाच्या आतल्या लेकराला अशा वेळी किलोमागं १०० मिली सलाईन देतात: पहिल्या तासात किलोमागं ३०, पुढच्या पाच तासांत ७०. म्हणजे तिला सहा तासांत ७०० मिली.

७०० मिली. जारवाल्याकडून आम्ही वीस लिटर पाणी विकत घेत होतो. लिटरच्या बाटलीतही जे पुरतं भरत नाही, तेवढंच पाणी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, दोन दिवसांत तिच्या अंगातून गेलं होतं. सात किलोच्या लेकराच्या वजनातला तो दहावा हिस्सा. मोठ्या माणसाचं गणित इथं लावता येत नाही. लेकराच्या अंगात वजनाच्या मानानं पाणी जास्त असतं, ते जातंही झपाट्यानं, आणि त्याला उठून माठापाशी जाता येत नाही.

रात्रभर सिस्टर येऊन एकच विचारायच्या, "शू झाली का?" ताप किती, संडास किती वेळा, यापेक्षा त्यांचं लक्ष त्यावर. मी दर वेळी लंगोट चाचपायचे आणि मान हलवायचे.

पहाटे चारच्या सुमारास तिनं डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडं बघितलं. सिस्टरनी ओआरएसचा ग्लास माझ्या हातात दिला आणि स्टीलचा छोटा चमचा.

"एक चमचा द्यायचा. मग दोन मिनिटं थांबायचं. मग दुसरा. घाई करू नगा."

"ओकली तर?"

"दहा मिनिटं थांबायचं, आन् परत चालू करायचं. आणखी हळू."

मी विचारलं, "यानं जुलाब थांबतील का हो?"

"हे जुलाब थांबवायचं औषध न्हाईच आई. गेलेलं भरून काढायला आहे. जुलाब आपल्या वेळेनं थांबतील. तवर लेकराला सुकू द्यायचं न्हाई, एवढंच आपलं काम."

एवढं एक वाक्य मला दोन दिवस आधी कुणी सांगितलं असतं तर ती वाटी मी बाजूला ठेवली नसती. आजही मला वाटतं, ओआरएसची पुडी घराघरात पोचली तरी हे वाक्य पोचलेलं नाही. बायका पुडी देतात, जुलाब चालूच राहतात, आणि मग "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात. मी तेच केलं होतं.

त्या चमच्याचा हिशोब मी नंतर घरी येऊन कागदावर मांडला, मास्तरीण असल्याची सवय. चहाचा चमचा पाच मिलीचा. दोन मिनिटांनी एक, म्हणजे तासाला तीस चमचे, दीडशे मिली. चार तासांत सहाशे. थोडं पाणी कमी झालेल्या, पण जागं असलेल्या आणि पिऊ शकणाऱ्या लेकराला चार तासांत किलोमागं ७५ मिली ओआरएस द्यायचं असतं. सात किलोला ५२५. म्हणजे एक आई, एक चमचा आणि चार तास, एवढ्यात ते भागतं. सलाईनची बाटली करते तेच काम मांडीवर होतं. आणि उलटी होणाऱ्या लेकराच्या पोटातही चमच्याचं पाणी राहतं, घोटाचं राहत नाही. वाटी तोंडाला लावून घटाघटा पाजलं की पोट ताणतं आणि सगळं परत येतं.

मीठ-साखरेतच एवढी ताकद कशी, हे मला कित्येक दिवस कोडं होतं. मग वाचलं. जुलाबात आतडं पाणी बाहेर टाकत असतं, पण पाणी आत घेण्याची त्याची एक वाट बहुतेक वेळा शाबूत असते. त्या वाटेनं साखर आणि मीठ जोडीनंच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. नुसत्या पाण्याला ती वाट तशी मोकळी होत नाही, नुसत्या मिठालाही नाही. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० साली ही जोडी मांडली. अकरा वर्षांनी, १९७१च्या युद्धात, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. तिथं डॉ. दिलीप महालनबीस होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, माणसं जमिनीवर पडलेली. त्यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीच पाजा. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ती चारच्याही खाली आली. २०२२ मध्ये ते वारले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

मला त्या सगळ्या हकिकतीत नातेवाइकांची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. माझ्या हातात चमचा देणाऱ्या सिस्टरनी नेमकं तेच केलं होतं.

आता मापाबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका मी तिथं बघितल्यात. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, आणि ती पूर्ण एका लिटरमध्येच घालायची. लहान पुड्याही मिळतात, त्या २०० मिलीच्या, म्हणजे एका ग्लासाच्या. घरोघर गोंधळ असा होतो की लेकरू लहान, एवढं लिटरभर कोण पिणार, म्हणून मोठ्या पुडीतली थोडी पूड ग्लासात टाकतात आणि उरलेली चिमटा लावून ठेवतात. किंवा आख्खी पुडी एका ग्लासात. जास्त खारट झालेलं पाणी लेकराला भोवतं, आणि पातळ झालेलं पुरत नाही. माझ्या एका जावेनं पुडी तांब्यात घातली होती. "तांब्या म्हणजे लिटरच की," ती म्हणाली. आम्ही बाटलीनं मोजून बघितलं, तिचा तांब्या साडेसातशेच्या आसपास भरला. तेव्हापासून मी सांगते, तांब्या, गडू, पेला काही नको. बाजारातली पाण्याची लिटरची रिकामी बाटली धुऊन फडताळात ठेवा, तेच माप. पाणी आधी उकळून गार करायचं, मग पूड घालायची. कालवल्यावर उकळायचं नाही. चोवीस तासांत उरलं तर ओतून द्यायचं. ओतताना हात कचरतो, आमच्या भागात तर जास्तच, पण ओतायचं.

पुडी नसेल आणि दुकान बंद असेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचाच. "चिमूटभर मीठ, मूठभर साखर" असं म्हणतात ते मी सांगत नाही. आत्यांची मूठ आणि माझी मूठ एक नाही. केलेलं पाणी आधी आपण चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर चुकलं.

त्याबरोबर भाताची पेज, वरणाचं पाणी, ताजं ताक, हे आपल्या घरात असतंच. सहा महिन्यांच्या वरच्या लेकराला ते चालतं. अंगावरचं दूध तर कधीच तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. मी ते तोडलं होतं, त्याची टोचणी अजून आहे. प्रत्येक पातळ संडासनंतर दोन वर्षांच्या आतल्याला ५० ते १०० मिली ओआरएस, त्याहून मोठ्याला १०० ते २००, हा सुरुवातीपासूनचा हिशोब. सुरुवातीपासूनचा म्हणजे पहिल्या पातळ संडासपासून, लेकरू हसत-खेळत असतानाच. जस्ताची, म्हणजे झिंकची, गोळीही मिळते, सरकारी दवाखान्यात फुकट. सहा महिन्यांपुढच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरी करायची.

द्यायचं नाही ते म्हणजे शीतपेयं, डब्यातले गोड रस, गोड चहा, नुसती ग्लुकोजची पावडर. जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. कित्येक वर्षं औषधाच्या दुकानांत खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या नावानं विकली जायची. रंगीत, फळांच्या चवीची, पुडीपेक्षा कितीतरी महाग, आणि प्रमाण भलतंच. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं याविरुद्ध लढल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस हे नाव लावायला मनाई केली. त्या दिवशी मी शाळेत आनंदानं पेढे वाटले होते. दुकानदारानं काही दिलं तरी मागची बाजू वाचावी, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार असं लिहिलेलं आहे का ते बघावं.

सध्या मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावातून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात. ट्रॅक्टरमध्ये संसार, वर लेकरं. कारखान्याच्या पट्ट्यात पाचटाच्या कोप्या, पाणी कॅनॉलचं नाहीतर कुणाच्या शेततळ्याचं. आई-बाप पहाटेच फडात. वर्षाचं लेकरू असतं सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. तिथं जुलाब लागले तर त्या पोरीनं काय करायचं? दोन वर्षांपूर्वी माझ्या तिसरीतल्या एका मुलीनं परत आल्यावर मला सांगितलं, "मॅडम, आमचं बारकं तिकडं लई सुकलं होतं, मी ताक पाजत बसले." ती कुणाकडून शिकली माहीत नाही. तेव्हापासून गाडी भरायच्या आठवड्यात मी वर्गातच ओआरएस करून दाखवते. लिटरची बाटली, पुडी, चमचा. तिसरी-चौथीच्या पोरी ते दोनदोनदा करून बघतात. आशाताईंकडून पुड्या मागून आणते आणि प्रत्येकीच्या दप्तरात घालते. त्यांना मी फार काही शिकवत नाही. एवढंच पाठ करून घेते: रडताना डोळ्यांत पाणी येतं का, तोंड ओलं आहे का, शू झाली का, हाक मारली की बघतं का.

सहा-आठ तासांत शू नाही, पाणीही पीत नाही, प्यायलेलं सगळं ओकून टाकतंय, संडासमध्ये रक्त, झटके, किंवा उठवूनही नीट उठत नाही, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर जुलाब लागले तरी दवाखानाच. १०८ ला फोन करायचा, गाडी मिळेल तिनं निघायचं, आणि लेकराला पिता येत असेल तर रस्त्याभर चमचा चालू ठेवायचा. आमच्याकडं वाडी-तांड्यापासून दवाखाना तासभर लांब असतो. तासाला तीस चमचे. लेकरांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसची लसही सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला फुकट मिळते, महाराष्ट्रात २०१९ पासून. माझ्या मुलीच्या वेळी ती सरकारी दवाखान्यात नव्हती.

तिला त्या दिवशी सकाळी सव्वासहाला शू झाली. माझ्या मांडीवर. लंगोट, साडी, परकर सगळं गरम ओलं झालं आणि मी हलले नाही. सिस्टर आल्या, त्यांना न विचारताच कळलं. आत्यांनी तो ओला पदर हातात धरून डोळ्यांना लावला. साडी धुवायला घरात पाणी नव्हतं, ती दोन दिवस तशीच दोरीवर वाळत होती.

फोनवर पुतणसुनेच्या हाका चालूच होत्या. मग लेकराची चिरचिर ऐकू आली, आणि रडणं. कोरडं, बसक्या आवाजाचं, पण रडणं. "उठलाय काकू. ग्लास बघून झेपावतोय." तहानेनं झेपावतोय म्हणजे अजून हातात वेळ आहे. मी तिला पुडी लिटरभर पाण्यात करायला लावली, चमचा घ्यायला लावला, दिराला उठवून गाडी काढायला सांगितली. ग्रामीण रुग्णालयापर्यंत चाळीस मिनिटं. तिनं वाटेत चमचे मोजून दिले. एकदा ओकला, दहा मिनिटं थांबली, परत सुरू केलं. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं नाही. डॉक्टरांनी तिथंच बसवून चार तास पाजायला सांगितलं.

मी झोपले नाही. चारला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"काकू," ती म्हणाली, "माझी साडी ओली झाली."